लांब पल्ल्याच्या घोडदौडीसाठी कोणत्या जातीचा घोडा घ्यावा? बेळगाव भागासाठी

घोडा घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न उंचीचा निघतो. अकलूजच्या बाजारात ६४ इंचांच्या मारवाडी घोड्याभोवती गर्दी जमते आणि शेजारी बांधलेल्या ५८ इंचांच्या काठेवाडीकडे कुणी वळून बघत नाही. वरातीसाठी घोडा हवा असेल तर ते ठीक आहे. एका दिवसात ४०, ६० किंवा ८० किलोमीटर जाऊन संध्याकाळी तितकाच ताठ उभा राहणारा घोडा हवा असेल, तर तो शेजारी बांधलेला घोडा आधी बघा.

एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडशर्यतीत, नुसता वेग मोजत नाहीत. वाटेचे टप्पे पाडलेले असतात. प्रत्येक टप्प्यानंतर घोडा पशुवैद्यकापुढे न्यायचा आणि ठरलेल्या मिनिटांत त्याची नाडी मर्यादेखाली, साधारणपणे मिनिटाला ६४ ठोक्यांखाली, आलेली दाखवायची. घड्याळ तोवर चालूच असते. मग त्याला दुडकी चालवून लंगडेपणा बघतात, कातडीची चिमटी घेऊन पाणी किती कमी झाले ते बघतात, पोटाचे आवाज ऐकतात. एवढ्यातून पास झाला तरच पुढचा टप्पा. त्यामुळे सर्वांत जोरात पळणाऱ्या घोड्यापेक्षा लवकर थंड होणारा घोडा पुढे निघून जातो. जात निवडताना बघायचे ते हेच. हा घोडा उष्णता किती लवकर बाहेर टाकतो, त्याचे खूर काय सोसतात, आणि तुमचे वजन त्याला पेलते का.

उष्णतेचा मुद्दा नीट समजून घ्या. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम चौथा भाग चालीला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. ती मुख्यतः घामावाटे जाते आणि उन्हात कष्ट करणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. लहान, सडपातळ अंगाच्या घोड्याला वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त मिळते. कातडी पातळ आणि शिरा वर उमटलेल्या असतील तर रक्त लवकर निवते. जाड मानेचा, भरलेल्या पुठ्ठ्यांचा घोडा दिसायला देखणा, पण तीच चरबी आणि तेच मांस उष्णता आत कोंडून ठेवते.

आधी जमीन बघा

आपला जिल्हा एक आहे, पण जमीन तीन तऱ्हेची आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाल माती आणि जांभा दगड, चढउतार, जंगल आणि चार महिने न थांबणारा पाऊस. बेळगाव शहराभोवती, काकतीपासून येळ्ळूरपर्यंत, मुरमाचे रस्ते, भाताची खाचरे, मधूनच काळी माती. चिकोडी ओलांडून रायबाग, अथणीकडे गेलात की सपाट, कोरडा, तापणारा मुलूख आणि कॅनॉलच्या कडेचे ऊसवाले रस्ते.

जांभ्याच्या खड्यांवर सपाट तळव्याचा घोडा दोन आठवड्यांत लंगडतो, कारण खडा थेट तळव्याला टोचून आत रक्त साकळते. अथणीच्या काळ्या मातीत पावसानंतर खूर रुतून नाल उपटून निघतात आणि नालेबरोबर खुराची भिंतही तुटते. घाटाच्या बाजूला आणखी एक अडचण आहे, ती दमट हवेची. तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. यासाठी एक जुना हिशेब आहे. फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज थंड ठेवतो, १५० च्या वर त्रास सुरू होतो, १८० च्या वर कामच थांबवावे. खानापुरात मे महिन्यात ९५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १५५ होतात. अथणीत १०४ अंश असले तरी आर्द्रता २० टक्के असेल तर १२४. म्हणजे ऊन अथणीचे जास्त असले तरी घोड्याला खानापूर जड जाते, आणि जाड अंगाच्या जातीला फारच जड.

जाती, एकेक करून

*काठेवाडी.* सौराष्ट्राचा घोडा. साधारण ५७ ते ५९ इंच, सुक्या अंगाचा, आखूड आणि घट्ट नळीचा (नळी म्हणजे गुडघ्याखालचे हाड). कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात. बाजारात त्यावर भाव चढतो, पण कान काही किलोमीटर काटत नाहीत. ही जात कोरड्या, दगडाळ मुलखात, कमी चाऱ्यावर तयार झाली. खूर टणक असतात. स्वभाव जरा तापट, नवख्या माणसाला पहिले काही महिने हात दाखवणारा. बेळगाव ते अथणी या पट्ट्यासाठी आम्ही पहिली पसंती काठेवाडीला देतो.

*कच्छी-सिंधी.* कच्छ आणि राजस्थानच्या सीमेवरचा घोडा, नाकाचा बाक बाहेर आलेला, पाठ आखूड, स्वभावाने काठेवाडीपेक्षा शांत. त्याची रवाल चाल प्रसिद्ध आहे, तिच्यात स्वाराला धक्का जवळजवळ लागत नाही. उष्ण वाऱ्याची त्याला सवय आहे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा लांब पल्ला करायचा आहे त्याच्यासाठी हा सर्वांत समजूतदार घोडा. अडचण एकच, आपल्याकडे चांगला सिंधी क्वचित मिळतो, त्यासाठी गुजरातेत जावे लागते किंवा दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजारात शोधावा लागतो.

रवाल चालीबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. पशुवैद्यक लंगडेपणा दुडकीत तपासतो, कारण दुडकीत कर्णरेषेतले दोन पाय एकदम पडतात आणि दुखरा पाय लगेच उघडा पडतो. फक्त रवाल येणारा घोडा तपासणीत मध्येच चाल बदलतो आणि ठणठणीत असूनही शंकेच्या यादीत जातो. विकत घेण्याआधी तो हाताने धरून ४० मीटर सरळ दुडकी जातो का, हे पाहाच. जात नसेल तर शिकवता येते, पण दोन-तीन महिने लागतात. तोंडात काटेरी लगाम घालून, डोके वर बांधून शिकवलेली रवाल असेल तर घोडा सोडून द्या. अशा घोड्याची पाठ खाली दबलेली असते आणि ती ३० किलोमीटरनंतर बोलायला लागते.

*मारवाडी.* सर्वांत जास्त मिळणारी, सर्वांत जास्त विकली जाणारी आणि सर्वांत जास्त बिघडवलेली जात. मूळचा मारवाडी ५८ ते ६१ इंचांचा, वाळवंटात टिकणारा, मनाने खंबीर. तो अजूनही उत्तम लांब पल्ल्याचा घोडा आहे. पण गेल्या काही वर्षांत उंची आणि मान यांसाठी पैदास वाढली. ६४-६५ इंचांचे, लांब पाठीचे, बारीक नळीचे घोडे बाजारात भरलेत. लांब पाठ म्हणजे खोगिराखाली जास्त ताण. बारीक नळी म्हणजे कंडरांना आधार कमी. त्यात नाच शिकवलेला घोडा असेल तर मागच्या पायांच्या सांध्यांची झीज आधीच झालेली असते, कारण वजन वर्षानुवर्षे मागे टाकून त्याला उड्या मारायला लावलेले असते. मारवाडी घ्यायचाच असेल तर ६१ इंचांच्या आतला, न नाचलेला घ्या.

*भीमथडी.* आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाणारी जात, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचे सामान, भांडी, कोकरे, कधी लेकरेसुद्धा पाठीवर घेऊन चालणारे ते तट्टू. अलीकडे भीमथडीला स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदणी मिळाली आहे. उंची ५० इंचांच्या आसपास. खूर दगडासारखे, बहुतेक तट्टे बिननालेची चालतात. मोठ्या माणसाने यावर बसून ४० किलोमीटर करू नये, वजन पेलत नाही. तो हिशेब खाली दिला आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला लांब चालीची सवय लावायची असेल तर यापेक्षा चांगला घोडा या मुलखात नाही. काठेवाडी वळूपासून भीमथडी घोडीची पैदास करून खूर आणि काटकपणा राखत उंची थोडी वाढवता येईल, असे आमचे मत आहे. ज्यांच्याकडे जागा आणि सात-आठ वर्षांचा धीर आहे त्यांनी हा प्रयोग करावा.

*अरबी.* जगभरात लांब पल्ल्यात अरबी घोडाच पुढे आहे. अमेरिकेतली टेविस कप ही एका दिवसात १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची दौड १९५५ साली सुरू झाली, आणि तिच्या विजेत्यांत बहुतेक अरबी किंवा अरबी रक्ताचेच घोडे आहेत. कारण त्यांच्या स्नायूंत सावकाश पण न थकता काम करणारे तंतू जास्त, हाड दाट, कातडी पातळ आणि नाडी लवकर उतरणारी. तुमचे ध्येय ८० किलोमीटरच्या पुढचे असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर अरबी किंवा अरबी-काठेवाडी घ्या. मात्र आपल्याकडे अरबी म्हणून विकले जाणारे बरेच घोडे अरबी नसतात. बशीसारखे वळलेले तोंड आणि उंच शेपूट दाखवून भाव सांगितला जातो. वंशावळीचा कागद आणि मायक्रोचिपचा नंबर जुळला तरच अरबीची किंमत द्या.

*थरोब्रेड.* पुणे, बेंगळूरच्या रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्त मिळतो, म्हणून बरेच जण त्याकडे वळतात. तो दोन-अडीच मिनिटांच्या धावेसाठी तयार केलेला प्राणी आहे. जोर लावणारे स्नायू जास्त, तळवे बहुधा पातळ आणि सपाट, खुराक मोठा, आणि दोन वर्षांच्या वयापासून धावल्यामुळे पुढच्या पायांच्या कंडरा कुठेतरी दुखावलेल्या. ४० किलोमीटर तो मजेत करेल. जांबोटीच्या वाटेवर, दमट हवेत, ६० किलोमीटरला त्याची नाडी उतरवताना तुमचीच दमछाक होते.

स्वभावाबद्दल वेगळे सांगायची गरज या भागात पडू नये. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातले अश्व दर आषाढी वारीला पायी आळंदीला जातात आणि लाखो माणसांच्या गर्दीत रिंगणाला उभे राहतात. गर्दी, ढोल, ट्रक, कुत्री यांना न बुजणारा आणि रोज तेवढीच चाल देणारा घोडा, कोणत्याही जातीचा असो, घाबरट घोड्यापेक्षा मैलभर पुढे असतो. घाबरलेल्या घोड्याची नाडी उभ्या उभ्याच ८० ला जाते.

तुमचे वजन आणि त्याचे वजन

इथे भावना बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. येईल ते घोड्याचे वजन किलोमध्ये.

घेर १६० आणि लांबी १५० असलेला काठेवाडी ३२३ किलोचा भरतो. स्वार, खोगीर, पाणी, सगळे मिळून त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवे, म्हणजे सुमारे ६५ किलो. खोगीर आणि सामानाचे ८ किलो गेले की स्वार ५७ किलोचा. घेर १७२, लांबी १५८ असलेला मारवाडी ३९४ किलोचा. तिथे स्वार ७० किलोपर्यंत चालतो. घेर १४० आणि लांबी १३० चे भीमथडी तट्टू २१५ किलोचे, म्हणजे सामानासकट ४३ किलो. तुम्ही ८५ किलोचे असाल तर उंच घोडा शोधण्याऐवजी रुंद छातीचा, आखूड पाठीचा आणि जाड नळीचा घोडा शोधा. गुडघ्याच्या खाली नळीचा घेर १८ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेल्या घोड्यावर जड माणसाने लांब पल्ला करू नये.

निवडलेला घोडा तपासताना

जात ठरली की निम्मे काम झाले. एकाच जातीतल्या दोन घोड्यांत दोन जातींइतका फरक असतो. सकाळी, घोडा अजून बाहेर काढलेला नसताना जा, म्हणजे आधी चालवून मोकळा केलेला लंगडेपणा लपत नाही.

वय दातांवरून बघा. मधले कायमचे दात अडीच वर्षांना, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला येतात. पाच वर्षांखालचा घोडा लांब पल्ल्याला नको. पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच वर्षांपर्यंत चालते. बारा वर्षांचा, पायांत दोष नसलेला घोडा तीन वर्षांच्या देखण्या शिंगरापेक्षा कितीतरी चांगला.

खूर उचलून बघा. तळवा आत वळलेला, टाच रुंद, भिंतीवर आडव्या खोल रेघा नाहीत. चारही खूर सारखे हवेत. पुढचा एक खूर अरुंद आणि उभा असेल तर त्या पायाने तो बरेच दिवस वजन टाळतोय. खुराच्या मधल्या खाचेत काळा, घाण वासाचा ओलावा असेल तर सड आहे. ती बरी होते, पण खानापूरच्या पावसात परत परत येते, त्यामुळे गोठ्यात जांभ्याची उंच फरशी आणि उतार नसेल तर असा घोडा नेऊ नका. नालबंद कोण, हेही आधी ठरवा. बैलांना नाल मारणारे गावोगाव आहेत, पण घोड्याचा खूर बैलाच्या खुरासारखा कापून चालत नाही. दर पाच-सहा आठवड्यांनी घोड्याचा नालबंद येणार नसेल तर पातळ खुराची जात यादीतून काढाच.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा दाबत मागे जा. घोडा खाली दबला किंवा कान मागे घेतले तर तिथे दुखते. खोगिराच्या जागी पांढरे केस म्हणजे जुनी जखम. डोळ्यात धुरकटपणा असेल तर परत या. भोवरे, देवमण, पंचकल्याण या अंगावरच्या शुभ-अशुभ खुणा म्हणजे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. नाडीवर त्यांचा परिणाम होत नाही, किमतीवर मात्र होतो.

मग खरी परीक्षा. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. विश्रांतीत २८ ते ४४ असावी. घोडा ५ किलोमीटर, ताशी १० ते १२ च्या दुडकीने न्या. उतरा, तंग सैल करा, सावलीत उभा करा, पाणी द्या. १० मिनिटांत ६४ खाली आली तर हा घोडा घेण्यासारखा. १५ मिनिटांनंतरही ७२ च्या वर असेल तर एक तर तो आजारी आहे, नाही तर या कामाचा नाही. त्यानंतर आणखी एक चाचणी करा. नाडी मोजा, घोडा हाताने धरून ३८ मीटर दुडकीत नेऊन परत आणा, निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने परत मोजा. आकडा पहिल्याइतका किंवा कमी असावा. चार-आठ ठोक्यांनी वाढला तर अंगात थकवा किंवा कुठेतरी दुखणे दडलेले आहे.

चारा कोणता मिळतो तेही जातीशी जोडलेले आहे. घोड्याला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा-खुराक लागतो. ३५० किलोच्या देशी घोड्याला ७ ते ९ किलो. अथणी, रायबागकडे शाळूचा चांगला कडबा आणि भुईमुगाचा वेल मिळतो, त्यावर थोडा जव किंवा हरभरा घालून काठेवाडी छान राहतो. वेल आधी झटकून माती काढा, नाहीतर वाळू पोटात साठून पोटशूळ होतो. खानापुरात नुसत्या भाताच्या पिंजरावर थरोब्रेड हाडे दाखवतो. कोवळी हिरवी ज्वारी देऊ नका. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूला मारतो, गुरे तो खात असली तरी. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन असते, ते घोड्याच्या हृदयाला घातक आहे, म्हणून त्यांची पोती तबेल्यात ठेवूच नका.

पैसे देण्याआधी ग्लँडर्स (जिवाणूंचा एक संसर्गजन्य रोग) आणि संसर्गजन्य रक्तक्षय यांची रक्ततपासणी करून घ्या. ग्लँडर्स माणसाला होतो आणि सापडल्यास सरकारला कळवणे बंधनकारक आहे. उसाच्या पट्ट्यात आणि नदीकाठी चावणाऱ्या माश्या असतात, तिथून आलेल्या घोड्याची सर्रा या माश्यांवाटे पसरणाऱ्या रोगासाठीही तपासणी करा. अधूनमधून येणारा ताप आणि पोटाखाली सूज ही त्याची खूण. धनुर्वाताची लस दिली आहे का ते विचारा. घरी आणल्यावर तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा बांधा, त्याचे पाणी आणि खरारा वेगळे ठेवा, आणि रोज सकाळी ताप लिहून ठेवा. दिवाळीच्या बाजारात घेतलेला घोडा त्याच थंडीत शर्यतीला काढू नका. हृदय तीन महिन्यांत तयार होते, कंडरांना सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि हाडांना वर्षभर लागते. पहिले ४० किलोमीटर पुढच्या थंडीत, तेही ताशी १६ च्या आत.